तीन साळुंक्या, शून्य उंदीर

कडूबाईनं नोकरीचा अर्ज केला तेव्हा तिची पन्नाशी दोन वर्षांवर आली होती, शिक्षण सातवी होतं आणि नोकरी होती उंदीर शोधायची. शेंद्र्यात ही बातमी दुपारच्या चहाच्या आत घरोघर पोचली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ज्यांच्या घरात उंदरांनी उच्छाद मांडला होता त्यांनी "आधी आमच्याकडं ये गं बाई" असा सांगावा धाडला. आणि तिचा थोरला भाऊ सर्जेराव तर ओट्यावर बसून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कडे, लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. तू तर उंदरापायी डोंगरच चढाय निघालीस!"

"निघालीच हाये," कडूबाई म्हणाली. "तू बस ओट्यावर."

हसणाऱ्यांचं सोडा. जाहिरातीचा कागद काय म्हणत होता ते कुणी धड वाचलंच नव्हतं. तो कागद आणला होता विशाखानं, म्हणजे सर्जेरावच्या पोरीनं. ती शहरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती आणि औरंगपुऱ्यात शेतातल्या लहानसहान जिवांचा अभ्यास करणारी एक संस्था होती, तिथं अधूनमधून जायची. त्या संस्थेला पुण्याजवळच्या सिंहगडावर सहा महिने राहून कोंडाणा उंदीर मोजायचे होते. त्यासाठी एक मदतनीस हवा होता, फक्त एक. शिक्षणाची अट नाही, असं कागदावर स्वच्छ लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं, 'बिळांची पारख असणे आवश्यक.'

विशाखानं हे वाचून दाखवलं तेव्हा कडूबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"पुन्यांदा वाच."

विशाखानं पुन्हा वाचलं.

"बिळांची पारख," कडूबाई स्वतःशीच म्हणाली. "असं छापलंय? कागदावर?"

"व्हय आत्या. आन तो उंदीर साधासुधा नाय. त्या गडाचा माथा सोडला तर जगात दुसरीकडं कुठं सापडल्याची नोंद नाय त्याची. गडावर झाडी तुटली, माणसं वाढली, कचरा वाढला. तो संपत चाललाय."

"जगात कुठंच नाय?"

"कुठंच नाय."

तव्यावरची भाकरी करपली. कडूबाईच्या घरात असं आजवर झालं नव्हतं. पण बाईला असा आनंद झाला होता की तिला धुरानं ठसका लागला तरी ती हसतच होती. कारण उघड होतं. उभ्या आयुष्यात तिला एकच गोष्ट जगापेक्षा बरी येत होती, आणि ती होती जमिनीतलं भोक बघून आत कोण राहतं ते सांगणं. शेतं गेली, कंपन्या आल्या, आणि त्या हुन्नराला कुत्रं विचारीना. आता ती एका कंपनीच्या हिरवळीला नळीनं पाणी घालायची. आणि आज कुणीतरी छापील कागदावर नेमकं तेच मागत होतं. ती जागा तिला हवी म्हणजे हवीच होती.

हा हुन्नर आला कुठून, तेही सांगायला हवं. बाजरीची, ज्वारीची सुगी उरकली की शेतातल्या उंदरांच्या बिळांत कणसं साठलेली असतात. रान मोकळं झालं की मजूर बाया टोपली-कुदळ घेऊन ती बिळं उकरायच्या आणि कणसं घरी न्यायच्या. कडूबाई आठ वर्षांची असल्यापासून आईच्या मागं या कामाला जायची. कुठलं बीळ नांदतं, कुठलं ओसाड, कुठं कोठार आहे आणि कुठं नुसता पळवाटेचा बोगदा, हे ती उकिडवी बसून एका नजरेत सांगायची.

आणि नेमकं हेच लपवायचं, असं विशाखानं ठरवलं होतं.

"आत्या, एक ध्यानात ठेव. तिथं बिळं उकरल्याचं चकार शब्दानं बोलायचं नाय. ती माणसं उंदीर वाचवणारी. तू तीस वर्षं त्यांची घरं फोडली असं म्हणलीस तर दारातूनच परत धाडतील. तू म्हणायचं, निरीक्षणाचा अनुभव आहे. अर्जातबी तेच लिहू."

"निरीक्षणाचा अनुभव," कडूबाई म्हणाली. शब्द तिच्या तोंडात लग्नातल्या नव्या चपलेसारखा चावत होता. पण जागा हवी होती. मग ती आठ दिवस हिरवळीला पाणी घालताना 'निरीक्षण, निरीक्षण' असं पुटपुटत राहिली.

परीक्षा करमाडच्या पुढं एका माळावर होती. थंडी पडायला लागली होती, गवत पिवळं झालं होतं. चार वाजता विशाखाच्या स्कूटीवरून आत्या-भाची तिथं पोचल्या तेव्हा संस्थेच्या संध्या मॅडम जीपमधून जाळीचे पिंजरे उतरवत होत्या. मॅडम साठीकडं झुकलेल्या, केस आखूड कापलेले, पायात मातीनं भरलेले बूट. बोलायचं तेवढंच बोलणाऱ्या. अर्ज सात आले होते म्हणे, पण उंदीर हातात धरावे लागतील हे कळल्यावर पाच जण गळाले. उरले दोघं. एक कडूबाई आणि दुसरा इंद्रजीत. हा शहरातला पोरगा, एमएस्सी झालेला, पाठीवर मोठी सॅक, गळ्यात दुर्बीण. त्यानं कडूबाईला वाकून नमस्कार केला. त्यामुळं त्याच्यावर रागावायचीही सोय राहिली नाही.

"प्रत्येकाला पाच पिंजरे," मॅडमनी सांगितलं. "दिवस मावळताना लावायचे. उद्या सकाळी साडेसहाला बघायचे. या माळावर मऊ केसांचा शेतउंदीर आहे, कोंडाणा उंदराचा जवळचा नातेवाईक. हा मात्र भरपूर आहे, काळजी नको. कुणाला किती उंदीर मिळाले ते मी मांडीन. मग दोघांना एकच प्रश्न विचारीन आणि इथंच निकाल सांगीन."

इंद्रजीतनं टेप काढली. दहा-दहा मीटर मोजून, झुडपांच्या बुडाशी, वहीत खुणा करत त्यानं पिंजरे लावले. कडूबाईनं टेप-बीप काही घेतली नाही. पदर खोचला आणि माळावर सुटली. तिला बघून विशाखाला हसू आवरेना. बाई एखाद्या भोकापाशी बसायची, माती चिमटीत धरायची, वास घ्यायची आणि उठून पुढं.

"हे वसाड हाये. हितं सरडा राहतो. हे बग, हे बग विशे! हितं नांदतंय कुणीतरी. कड कशी गुळगुळीत झाली, येऊन-जाऊन. आन ह्या दगडाच्या सांदीत मागचं दार. तिकडं आजूक एक!"

पाऊण तासात तिला दोन नांदती बिळं मिळाली. ती इतकी हरखली होती की तिला आपण परीक्षेला आलोय हेही आठवत नव्हतं. दोन पिंजरे तिनं या बिळांच्या पुढच्या दारांना अगदी भिडवून लावले, भोवतीनं दगड रचले. उरलेले तीन तिनं मोकळ्यावर ठेवले. आत मॅडमनीच दिलेला भाकरीचा आणि दाण्याच्या कुटाचा गोळा.

आणि मग तिच्या हातांनी एक काम केलं, जे तिच्या डोक्यानं विचारूनही बघितलं नाही. बीळ उकरायचा पहिला नियम असतो, मागची दारं आधी लिंपायची. नाहीतर तुम्ही पुढून खणता आणि उंदीर मागून पसार. तीस वर्षांची सवय ती. कडूबाईनं बाटलीतलं पाणी ओतून चिखल कालवला आणि दोन्ही बिळांची मागची दारं दगडमातीनं चांगली ठोकून बंद केली. आता उंदीर निघाला की थेट पिंजऱ्यात, असा तिचा हिशेब. तोवर सूर्य बुडून पश्चिमेला नुसती तांबूस रेघ उरली होती.

"विशे," घरी जाताना ती मागून ओरडली, "कमीत कमी दोन तर पक्के! सिंहगडावर थंडी लई आसती का गं?"

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी स्कूटी माळावर चढली तेव्हा आधी ऐकू आला तो कालवा. कर्कश्श, तारस्वरातला, भांडणाचा. कडूबाई धावतच सुटली. पहिल्या मोकळ्या पिंजऱ्यात साळुंकी. दुसऱ्यात साळुंकी. तिसऱ्यातही साळुंकी, पिवळे डोळे वटारून, पंख आपटत, जगाला शिव्या देत. फटफटताच बाया उतरल्या होत्या आणि भाकरी बघून आत शिरल्या होत्या. आणि बिळांना भिडवलेले दोन पिंजरे? रिकामे. चकचकीत रिकामे.

इंद्रजीतला दोन उंदीर मिळाले होते.

मॅडमनी वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं, "इंद्रजीत, दोन उंदीर. कडूबाई, शून्य उंदीर, तीन साळुंक्या." त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. जीपचा ड्रायव्हर तर उघडउघड खिदळला.

कडूबाईला रडू आलं. अगदी खरंखुरं. तिनं तोंड फिरवलं आणि पिंजऱ्यांची दारं उघडून साळुंक्या सोडायला लागली. तिसरीनं जाता जाता अंगठ्याला चावा काढला आणि बाभळीवर बसून वर आणखी बोलून घेतलं. 'हसा बायांनो,' कडूबाईच्या मनात आलं, 'तुम्हालाबी सापडले मीच.'

इंद्रजीत आपला पहिला उंदीर मोजत होता. दुसरा पिंजरा गवतावर ठेवला होता. कडूबाई त्याच्याशेजारून चालली होती, मान खाली घालून, आणि तशीच थबकली. मग उकिडवी बसली.

करडा, मऊ, पांढऱ्या पोटाचा उंदीर कोपऱ्यात गोळा होऊन थरथरत होता. मादी. पोटावरची आचळं फुगलेली, भोवतीचे केस ओले होऊन चिकटलेले. आणि नाकावर, पुढच्या दोन्ही पंजांवर वाळलेला चिखल. माळ तर कोरडा ठक्क. चिखल फक्त एकाच ठिकाणी होता, आणि तो कडूबाईनं काल स्वतःच्या हातानं कालवला होता.

 काल ती दारं लिंपत होती तेव्हा ही बाई आधीच चरायला बाहेर पडलेली असणार. परत आली तर मागचं दार लिंपलेलं, पुढच्या दाराला पिंजरा भिडवलेला. रात्रभर उकरत बसली बिचारी. या मऊ उंदराला खणता कुठं येतं? सुगीत कोठार करणारा तो दुसरा, दांडगा उंदीर असता तर त्यानं चिखल घटकेत उडवला असता. आणि शेवटी भूक लागून ही शिरली इंद्रजीतच्या पिंजऱ्यात. म्हणजे पोरं आत आहेत. रात्रभर, थंडीत, उपाशी.

कुणालाही काही कळलं नव्हतं. नियमानं मॅडम उंदीर मोजून, वजन करून तासाभरानं सोडणार होत्या. कडूबाई गप्प बसली असती तर शून्याच्या खाली आणखी काही गेलं नसतं. एवढा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण तो पुरा व्हायच्या आत तिचा आवाज फुटला होता.

"मॅडम! ही लेकुरवाळी हाये! तिला आत्ता सोडाय लागंल, आत्ताच्या आत्ता!"

"कशावरून?"

"पान्हा बगा तिचा! आन तिच्या नाकाला माझा चिखल लागलाय. तिचं दार म्या लिंपलं मॅडम. पोरं आत कोंडलीत!"

विशाखानं मागून तिचा पदर ओढला. कडूबाईनं तो झटकला. पिंजरा छातीशी धरून ती माळावरून धावत होती, चप्पल एक इकडं, एक तिकडं. मागं इंद्रजीत, त्याच्या मागं मॅडम, आणि ड्रायव्हरचं खिदळणं बंद झालेलं. पहिलं बीळ. पुढचं दार तिनंच रचलेल्या दगडांच्या भारानं ढासळून बुजलेलं. दगडाची सांद. कडूबाईनं लिंपलेल्या चिखलावर बारीक बारीक ओरखडे, शेकड्यानं. ते बघून तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"कुदळ देऊ का?" इंद्रजीतनं विचारलं.

"नको रं बाबा, हादरा बसंल आत. बोटांनीच काढते."

वाळलेला चिखल नखांनी खरवडून ती दगड एक-एक हलवायला लागली. नख मोडलं. मॅडम पालथ्या पडून बॅगेतून लांब दांडीचा कॅमेरा काढत होत्या. पेन्सिलीएवढा जाड, टोकाला दिवा. दार मोकळं झालं तशी त्यांनी तो हळूहळू आत सारला आणि इंद्रजीतनं त्याला जोडलेल्या मोबाईलचा पडदा सगळ्यांना दिसेल असा धरला. माती. मुळ्या. वळण. गवताचा चोथा. आणि त्यात काहीच हलेना.

"थोडं डावीकडं घ्या," कडूबाई कुजबुजली. "घरटं वळणाच्या पलीकडं आसतं."

डावीकडं पाच गुलाबी बोटं एकमेकांना चिकटून पडली होती. कुणी श्वास घेईना, ना पिल्लं ना माणसं. मग एका बोटाला पाय फुटला आणि त्यानं शेजारच्याला लाथ मारली.

"जित्ती हायेत!" कडूबाई ओरडली आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. इंद्रजीतनं मोजलं, पाचही हलत होती. कॅमेरा काढला, पिंजरा दाराशी टेकवून झापड उचललं. मादी क्षणभर तिथंच बसली, नाक हललं, आणि मग ती अशी आत गेली की फक्त शेपटीचं टोक दिसलं. ड्रायव्हरनं टाळी वाजवली. विशाखा रडत होती की हसत होती हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. कडूबाईनं दुसऱ्या बिळाचीही दारं लगोलग मोकळी केली, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

मग बाभळीखाली सतरंजी अंथरली गेली, थर्मासमधला चहा आला आणि मॅडमनी तो एकच प्रश्न विचारला. साळुंकी आणि कोंडाणा उंदीर, एक जिथं तिथं दिसणारा पक्षी आणि एक संपत चाललेला उंदीर. दोघांची तुलना करा.

इंद्रजीत आधी बोलला आणि चांगलं बोलला. साळुंकी सर्वभक्षी, कुठल्याही अधिवासाशी जुळवून घेणारी, माणसांच्या वस्तीत वाढणारी. कोंडाणा उंदीर निशाचर, अत्यंत मर्यादित क्षेत्रातला, म्हणून धोक्यात. मध्ये दोन-तीन आकडे. मॅडमनी मान डोलावली. विशाखाला वाटलं, संपलं सगळं. दोन विरुद्ध शून्य आणि वर हे.

कडूबाईनं चहाचा कप खाली ठेवला.

"साळुंकीचं काय मॅडम, तिला जग मोकळं. आमचं शेंद्रं बगा. शेतं गेली, कंपन्या आल्या. साळुंकीनं दिव्याच्या खांबात बिऱ्हाड केलं. किडा मिळाला तर किडा, नायतर कँटीनमधला पाव. तिची चार अंडी गेली तर ती पुन्यांदा चार घालती. विशी म्हणती, परदेशात तर ती इतकी माजली की लोक वैतागलेत. आन तिचं घर मोडा बरं तुम्ही. आख्खी आळी गोळा करंल. सकाळी ऐकलंच की आपण." ती थांबली. "कोंडाणा उंदीर म्या पायला नाय. खोटं काऊन बोलू. पण त्याच्या भावकीतली ही बाई पायली. तिचं दार बंद झालं तर ती वरडली नाय, दुसरीकडं गेली नाय. तिथंच उकरत बसली. तिला दुसरीकडं जाणं ठावंच नाय. उंदराचं घर मोडलं तर कुणाला ऐकूच येत नाय. आन ह्या माळावर तरी शेजारी दुसरं बीळ हाये. गडावरच्याला तर डोंगर उतरला की गावच नाय."

 वर बाभळीवर साळुंक्यांचं चाललंच होतं.

"तुम्ही काल मागची दारं का लिंपलीत?" मॅडमनी विचारलं. "असं कुठल्याही पुस्तकात नाही."

विशाखानं आत्याकडं बघितलं. डोळ्यांनी 'निरीक्षण, निरीक्षण' असं ती ओरडत होती. कडूबाईला ते दिसलं. सिंहगडही दिसला, तिनं कधी न बघितलेला. आता बोललं की तो गेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"सवय," ती म्हणाली. "तीस वर्षं बिळं उकरली मॅडम. अर्जात निरीक्षण लिवलंय, ते खरं नाय. सुगी झाली की आई मला घेऊन जायची. मागची दारं लिंपायची, पुढून खणायचं, कणसं काढायची. टोपलंभर निघायची कधी कधी. आमी भावंडं त्याच दाण्यावर वाढलो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, ते आमीच. पोरं दिसायची आत, आशीच, गुलाबी. कधी माती सारून झाकली. कधी भूकच एवढी आसायची की मागं वळून बगितलं नाय. ह्येच्यातनंच सगळी पारख आली. दुसरीकडून नाय."

इंद्रजीत पेन हातात धरून खाली बघत होता. विशाखा म्हणाली, "मॅडम, ते लिहायला मीच लावलं होतं. आत्याला ते पटत नव्हतं."

मॅडमनी कप खाली ठेवला. मग त्यांनी वहीचं पान उलटलं.

"गडावर रोज अशी वही लिहावी लागते," त्या म्हणाल्या. "किती बिळं, किती उंदीर, आणि आपलं काय चुकलं. तिसरा रकाना लोक कोरा सोडतात. मला त्या कोऱ्या रकान्याची धास्ती आहे. मदतनीसाची चूक लपली, तर तिथं एक घर संपतं आणि मला पत्ताही लागत नाही. कडूबाई, आज तुम्ही गप्प बसला असता तर ती पिल्लं गेली असती." त्या इंद्रजीतकडं वळल्या. "तुझे पिंजरे बिनचूक होते. तुझं काय म्हणणं आहे?"

इंद्रजीतचा चेहरा पडला होता, आणि तो त्यानं लपवलाही नाही. "मला ती जागा हवी होती, मॅडम," तो म्हणाला. "पण ते बीळ माझ्या पिंजऱ्यापासून वीस पावलांवर होतं. मी दोनदा त्याच्यावरून गेलो आणि मला दिसलंच नाही."

"मग ठरलं. कडूबाई, सोमवारी निघायचं. सहा महिन्यांचं सामान घ्या. आणि गडावर दार लिंपायचं नाही, चिमूटभर माती हलवायची नाही."

कडूबाईला आधी कळलंच नाही. मग विशाखानं तिला मिठी मारली आणि दोघी त्या सतरंजीवर गोल फिरल्या, चहा सांडला, ड्रायव्हरनं पुन्हा टाळ्या वाजवल्या. कडूबाई मोठ्यानं हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती. "दादाला फोन लाव! म्हणावं, चढले डोंगर!" विशाखानं फोन लावलाही. पलीकडून सर्जेराव "काय झालं? काय झालं?" असं ओरडत राहिला आणि इकडं कुणाला उत्तर द्यायची शुद्ध नव्हती.

आणि मग कडूबाई एकाएकी थांबली. तिनं माळाकडं बघितलं, त्या दगडाच्या सांदीकडं.

"मॅडम, सोमवार नको. आठ-दहा दिवस द्या मला."

विशाखाचा फोन हातातून पडायचा राहिला. "आत्या!"

"पोरांचे डोळे उघडायचेत अजून. रातभर गारठलीत ती. आई दूध देती का नाय, कुणी बाहेर टाकलं का, मला बगाय लागंल. कामावर जायच्या आधी रोज पहाटंच येऊन बगीन. आन तेवढ्यानं जागा जात आसंल तर..." पुढचे शब्द तिला जड गेले, पण ती म्हणाली, "तर जाऊ द्या."

मॅडमनी चष्मा काढला. "कडूबाई, हा साधा शेतउंदीर आहे. या माळावर शेकडो असतील. साळुंकीसारखाच, पैशाला पासरी."

"व्हय," कडूबाई म्हणाली. "गडावरच्यालाबी कवातरी कुणीतरी साधाच म्हणलं आसंल."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं. मग त्यांनी वहीतला सोमवार खोडला आणि तारखेची जागा तशीच मोकळी ठेवून पेन कडूबाईच्या हातात दिलं.